घट्ट बसलेला दुधाचा सुळा

नमस्कार डॉक्टर,
आम्ही शिवाजी पेठेत राहतो. माझी मुलगी १२ वर्षं ३ महिन्यांची, सातवीत आहे. तिचा वरचा डावा सुळा गेल्या वर्षी आला, उजवा अजून नाही. तिथं दुधाचाच सुळा आहे आणि तो चांगला घट्ट आहे. दात साफ करायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मोठा एक्स-रे काढला आणि त्यावर पेनानं गोल करून दाखवला. पक्का सुळा टाळूच्या बाजूला तिरका झोपलाय, त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळावर जवळजवळ मध्यापर्यंत आलंय, असं ते म्हणाले. दुधाचा दात काढू आणि वाट बघू, हा त्यांचा सल्ला. राजारामपुरीत दुसऱ्यांना दाखवलं, तर ते म्हणाले ऑपरेशन करून, साखळी लावून ओढून घ्यावा लागेल. नात्यातले एक जण म्हणतात, आतला दात काढूनच टाका, मोठेपणी नवीन बसवता येतो. सासूबाईंचं म्हणणं, "चांगला घट्ट दात कशाला काढायचा? येईल की त्याचा तो. दातावर दात आला तर भाग्याचाच." मुलगी फुटबॉल खेळते. ती म्हणते, "मी आधीच फोटोत तोंड मिटून हसतो, त्यात आणि तारा लावून ग्राउंडवर कसा जाऊ?" मी कुणाचं ऐकू? धाकटा साडेसहा वर्षांचा आहे. त्याच्या खालच्या दुधाच्या दातांच्या मागून दोन नवे दात आलेत. त्याचंही असंच होणार का?
– एक आई, कोल्हापूर

प्रिय ताई,

धाकट्याचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. सहा-सात वर्षांच्या वयात खालचे पुढचे दात दुधाच्या दातांच्या मागून, जिभेच्या बाजूनं उगवणं फार नेहमीचं आहे. दोन रांगा बघून आईच्या पोटात गोळा येतो, पण बहुतेकदा त्यात काही बिघडलेलं नसतं. दुधाचे दात हलत असतील तर त्याला ते जिभेनं, धुतलेल्या बोटानं रोज हलवू द्या. ते पडले की जीभच नव्या दातांना हळूहळू पुढे ढकलते. नवे दात बरेचसे वर आले आणि दोन-तीन महिन्यांत दुधाचे हललेच नाहीत, तर ते डॉक्टरांकडून काढून घ्या. काम पाच मिनिटांचं असतं. पडलेला दात कौलावर टाकायचा की तुळशीत पुरायचा, ते तुमच्या घरच्या रीतीनं होऊ दे.

आता मुलीकडे येते. इथं मला सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या हातात वेळ आहे, पण तो फार नाही.

सासूबाईंच्या बोलण्यातला 'घट्ट' हा शब्द मी धरून ठेवते. दात घट्ट आहे म्हणून त्यांना तो चांगला वाटतो, आणि मला काळजी वाटते तीही नेमकी त्याच कारणानं. दुधाचा दात आपण होऊन हलत नाही. पक्का दात त्याच्या मुळाकडे सरकत येतो, तसतसं ते मूळ विरघळत जातं. मूळ संपलं की दात नुसता हिरडीला धरून राहतो आणि एक दिवस भाकरीच्या घासाबरोबर हातात येतो. डावा सुळा येऊन वर्ष झालं आणि उजवीकडचा दुधाचा सुळा जागचा हललेला नाही. याचा अर्थ त्याच्या मुळाशी अजून कुणी पोचलेलंच नाही. यायचा तो दात वाट सोडून दुसरीकडे चाललाय, आणि एक्स-रेनं तेच दाखवलं.

वरचा सुळा तोंडातला सगळ्यात लांबचा प्रवासी आहे. बाळ चार-पाच महिन्यांचं असतं तेव्हा तो घडायला सुरुवात होते. सहा-सात वर्षांपर्यंत त्याचं डोकं तयार होतं, आणि हे सगळं चालतं जबड्याच्या हाडात खूप उंच, नाकपुडीच्या शेजारी. पाचव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत तो जवळपास २२ मिलिमीटर प्रवास करतो. उतरताना शेजारच्या पटाशीच्या, म्हणजे पुढच्या चपट्या दाताच्या, मुळाचा आधार घेतो, कठड्याला हात लावत जिना उतरावा तसा. ती पटाशी फार लहान असेल किंवा जन्मतःच नसेल, तर कठडाच नाहीसा होतो आणि सुळा टाळूकडे घसरण्याची शक्यता वाढते. म्हणून पहिल्या भेटीत मी सुळ्याआधी शेजारच्या पटाशीचा आकार बघते.

सासूबाई म्हणतात तो 'दातावर दात' वेगळा. तो ओठाच्या बाजूनं उंच आलेला सुळा, आणि त्याचं कारण बहुतेकदा जागेची अडचण असतं. वरच्या जबड्यात सुळा साधारणपणे पहिल्या उपदाढेच्याही नंतर येतो. शेवटच्या थांब्यावर केएमटीच्या बसमध्ये चढणाऱ्याला जशी जागा मिळते, तशी त्याला मिळते. पण तो निदान डोळ्यांना दिसतो, म्हणून लोक उपचाराला येतात तरी. टाळूकडे वळलेल्या सुळ्याला पुष्कळदा जागा भरपूर असते, तरीही तो वाट सोडतो. शंभरात एक-दोन मुलांत सुळा असा अडकतो, आणि मुलींत हे प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट आहे. यात घराण्याचा भाग मोठा असतो. लहानपणी बाटलीनं दूध दिलं, अंगठा चोखू दिला, गोड खाऊ दिलं, यातल्या कशानंही हे झालेलं नाही. तुमच्या पत्रात तो प्रश्न लिहिलेला नाही, पण माझ्यासमोर बसलेली प्रत्येक आई तो मनात घेऊनच येते.

आज रात्री तिचे दात घासून झाले की हात धुऊन एवढं करा. तिला उजेडात बसवा, वरचा ओठ अलगद उचला आणि तर्जनी हिरडीवरून सरकवत न्या. डाव्या सुळ्याच्या वर, ओठ आणि हिरडी मिळतात तिथपर्यंत, एक उभा उंचवटा बोटाला लागेल. ते त्याच्या मुळाचं हाड. आता उजवीकडे त्याच उंचीवर बोट न्या. तिथं सपाट लागलं, तर बोट आत घ्या आणि टाळूवर, पुढच्या दातांच्या मागे फिरवा. हिरडीखाली शेंगदाण्याएवढा कठीण उंचवटा कदाचित जाणवेल. तिलाही जिभेनं तपासायला सांगा, तिला तो आधीच माहीत असण्याची शक्यता आहे. मुलं असल्या गोष्टी सांगत नाहीत. मग दोन्ही बाजूंच्या लहान पटाशांची तुलना करा. उजवी जास्त तिरकी झालीय का, बोटानं हलवली तर डावीपेक्षा जास्त हलते का? हलत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

त्या पटाशीवर मी इतका भर का देते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी राधानगरीकडची एक मुलगी, दहावीतली, माझ्याकडे आली होती. तक्रार एवढीच की पुढचा एक दात थोडा हलतो. दुखत नव्हता, सुजला नव्हता, कीड नव्हती. शेजारी दुधाचा सुळा तुमच्या मुलीसारखाच घट्ट. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथं 'वय वाढलं की येईल' असं सांगून परत पाठवलं होतं. एक्स-रे काढला, तर आडव्या सुळ्यानं पटाशीचं मूळ निम्म्याहून जास्त खाल्लं होतं. ती फिल्म उजेडावर धरून तिच्या वडिलांना समजावताना माझा आवाज बसला होता, कारण दोन वर्षं आधी हे एका बोटाच्या तपासणीत लक्षात आलं असतं. तिचा सुळा आम्ही त्या मुळापासून दूर ओढून घेतला. सुळा दूर गेला की मुळाची झीज बहुधा थांबते, तशी तिचीही थांबली, आणि ती पटाशी आजही तिच्या तोंडात आहे. पण मूळ परत वाढत नाही. या सगळ्यात दुखत काहीच नाही, हीच याची सगळ्यात वाईट गोष्ट. 'दुखत नाही ना, मग बघू पुढं' हे वाक्य इथं लागू होत नाही.

आता त्या पेनानं केलेल्या गोलाकडे येऊ. पहिल्या डॉक्टरांनी ते टोक कुठवर आलंय हे तुम्हाला दाखवलं, हे त्यांनी फार चांगलं केलं, कारण पुढचा बराचसा निर्णय तिथंच अडकलेला आहे. १९८८ मध्ये एरिकसन आणि कुरोल या स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी १० ते १३ वयातल्या मुलांचे टाळूकडे वळलेले ४६ सुळे तपासले. त्यांनी फक्त दुधाचा सुळा काढला आणि वाट पाहिली. ४६ पैकी ३६, म्हणजे ७८ टक्के सुळे वळून नीट वाटेला लागले. टोक शेजारच्या पटाशीच्या मुळाच्या मधल्या रेषेच्या अलीकडे होतं, त्यांच्यात ९१ टक्के. रेष ओलांडून गेलेल्यांत ६४ टक्के. तुमच्या मुलीचं टोक त्या रेषेच्या आसपास आहे. म्हणजे आशा चांगली आहे, पण दर महिन्याला ती तितकीच चांगली राहणार नाही.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नका, म्हणून दुसरी बाजूही सांगते. त्या अभ्यासात दात न काढलेल्या मुलांचा गट नव्हता. २०१५ मध्ये स्वीडनमध्येच झालेल्या एका अभ्यासात तो होता. दुधाचा सुळा काढलेल्या बाजूला ६९ टक्के सुळे बाहेर आले, न काढलेल्या बाजूला ३९ टक्के. म्हणजे 'येईल की त्याचा तो' हे सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण ३९ आणि ६९ यांच्यामध्ये जो फरक आहे, तो एका छोट्या दाताच्या बदल्यात मिळतोय, आणि तो दुधाचा दात आज ना उद्या जायचाच होता. माझी मुलगी असती तर मी हा सौदा आनंदानं केला असता. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगा, त्यांना पटेल.

तेव्हा तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. पहिल्यांनी आधीची पायरी सांगितली, दुसऱ्यांनी नंतरची. दुधाचा दात काढून वाट बघायची असेल तर ती तारीख ठरवून बघा. दात काढल्यावर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, मग वर्ष पूर्ण होताना आणखी एक. वर्षभरात सुळ्याची दिशा सुधारली नाही तर पुढं आणखी वाट बघण्यात अर्थ नसतो. या वयाचा फायदा असा, की सुळ्याचं मूळ अजून पूर्ण व्हायचं असतं. ते १३ ते १५ या वयात पूर्ण होतं, तोवर दाताला आपणहून सरकायची ओढ असते. आणखी एक अट. तिथं त्याला पुरेशी जागा हवी. दुधाचा दात काढल्यावर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलू शकतात, म्हणून जागा राखायची सोय, किंवा कमी असेल तर वाढवायची सोय, डॉक्टर आधी बघतील. नुसता दात काढून 'या सहा महिन्यांनी' म्हणणं अपुरं आहे.

पण हे सगळं करण्याआधी सुळा खरोखर टाळूकडेच आहे ना, आणि पटाशीचं मूळ शाबूत आहे ना, याची खात्री करून घ्या. ओपीजी म्हणजे तो मोठा एक्स-रे सगळे दात एका सपाट पानावर मांडतो, त्यात पुढं कोण आणि मागं कोण ते नीट कळत नाही. एक डोळा मिटून दोन्ही हातांची बोटं एकामागे एक उभी धरा आणि डोकं उजवीकडे न्या. मागचं बोट पुढच्याच्या तुलनेत डोक्याबरोबर उजवीकडे सरकल्यासारखं वाटेल. आम्ही तेच करतो. यंत्राची नळी थोडी सरकवून त्याच जागेचे दोन छोटे एक्स-रे घेतो. नळीबरोबर सरकला तो दात आतला, उलट सरकला तो बाहेरचा. एवढ्यानं भागलं नाही, मुळाबद्दल शंका राहिली किंवा सर्जरीची वेळ आली, तर सीबीसीटी, म्हणजे तीन बाजूंनी दाखवणारा स्कॅन. त्यात किरणं ओपीजीपेक्षा जास्त लागतात, म्हणून तो प्रत्येक मुलाचा सरसकट करू नये. पण गरज असताना टाळूही नये. विचारा, की तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन चालेल का.

दुधाचा दात काढताना भुलीचं इंजेक्शन देतात, काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. कापसाचा बोळा अर्धा तास चावून धरायचा, त्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, गार दूध आणि मऊ भात द्यायचा. दोन-तीन दिवस ग्राउंड बंद. एवढंच.

वर्षानं सर्जरीची वेळ आलीच, तर तिचीही धास्ती घेऊ नका. टाळूची हिरडी थोडी उघडतात, सुळ्यावरचं पातळ हाड काढतात आणि त्याला एक बारीक बटण चिकटवतात. त्या बटणाला साखळी. एका पद्धतीत हिरडी परत शिवून टाकतात आणि साखळीचं टोक तेवढं बाहेर ठेवतात. दुसरीत तिथं एक छोटी खिडकीच मोकळी ठेवतात आणि काही दिवस औषधाच्या लेपानं झाकतात. कुठली चांगली यावर डॉक्टरांत वाद चालायचे, पण जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात दोन्हींच्या यशात फरक आढळला नाही. तेव्हा तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसलाय ती पद्धत चालेल. साखळी पुष्कळदा सोन्याची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली असते, कारण सोनं तोंडातल्या ओलाव्यात गंजत नाही आणि हिरडीला त्रास देत नाही. गुजरीशेजारी, म्हणजे सराफपेठेजवळ, राहणाऱ्या एका आजींनी मला विचारलं होतं, काम झाल्यावर साखळी परत मिळणार का. मिळते की. तेव्हापासून मी ती छोट्या डबीत घालून मुलांच्या हाती देते, आणि मुलं ती जपून ठेवतात.

ओढायचं म्हणजे जोर लावून ओढायचं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. साधारण ६० ग्रॅमचा ताण, म्हणजे एका अंड्याच्या वजनाइतका, सलग काही महिने. दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. घाई केली तर मुळांना इजा होते. म्हणून अशा उपचाराला तारांसकट दीड ते अडीच वर्षं लागतात, आणि नंतर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन. सातवीत सुरू झालं तर दहावीच्या वर्षाआधी बहुतेक आटोपेल, हेही लक्षात घ्या. क्वचित एखादा सुळा हाडाला चिकटून बसतो आणि हलत नाही. वय वाढेल तसा हा धोका वाढतो.

नातेवाइकांच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. सुळ्याचं मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब असतं. चावताना जबडा बाजूला सरकतो तेव्हा भार तो घेतो, आणि ओठाच्या कोपऱ्याला भरीवपणा त्याच्यामुळे येतो. तो काढून 'नवीन बसवणं' म्हणजे इम्प्लांट. ते वाढत्या वयात बसवताच येत नाही, कारण जबडा वाढत राहतो आणि इम्प्लांट हाडात रुतलेलं तसंच राहतं. शेजारचे दात खाली उतरत जातात, ते वरच अडकतं. म्हणजे मुलीला अठराच्या पुढेपर्यंत खोटा दात काढत-घालत बसावं लागेल. सुळा कुठल्याच उपायानं आणता येत नसेल, तेव्हा काढायचा विचार. बाराव्या वर्षी तो पहिला उपाय असू शकत नाही.

हे काम कुणाकडे करायचं? बीडीएस झालेले पुष्कळ डॉक्टर तारा लावतात, साधे वाकडे दात सरळही करतात. पण अडकलेला सुळा एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स झालेल्यांकडेच न्या. बीडीएसनंतर तीन वर्षं ते फक्त याचाच अभ्यास करतात. सरळ विचारा, विचारण्यात अपमान काही नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन यांनी एक्स-रे समोर ठेवून एकमेकांशी बोलून ठरवलंय का, हेही विचारा. मापं घरी घेऊन पोस्टानं पारदर्शक ट्रे पाठवणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला यात अजिबात जाऊ नका. खर्च जड जात असेल तर दंत महाविद्यालयात जा. वारणेच्या बाजूला नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगली आणि कऱ्हाडलाही महाविद्यालयं आहेत. तिथं एमडीएस करणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. फेऱ्या जास्त होतात, वेळ जातो, पण खर्च पुष्कळ कमी येतो. कुठंही गेलात तरी खर्च लिहून घ्या आणि त्यात सर्जरी, तुटलेल्या ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातांवर चिकटवतात त्या) आणि शेवटचे रिटेनर धरलेत का ते विचारा. रिटेनरचे पैसे नाहीत म्हणून दोन वर्षांचं काम वाया गेलेलं मी पाहिलंय.

आता तुमच्या फुटबॉलपटूचं. तिचं 'ग्राउंडवर कसा जाऊ' हे मला खरं वाटतं, ते उडवून लावू नका. तारा लावून खेळता येतं. फक्त माउथगार्ड हवा, आणि तोही दुकानातला उकळून दाबायचा नको. तारांवर बसेल आणि दात सरकायला जागा देईल असा डॉक्टरांकडून करून घ्यायचा. तोंडावर चेंडू बसला तर तारांमुळे ओठ आतून फाटतात, ते यानं वाचतं. खाण्यात ऊस दातानं सोलायचा नाही. गंडेरी करूनसुद्धा नको, रस चालेल. चिक्की, फुटाणे, कडक लाडू बंद. रविवारच्या मटणातली नळी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. तांबडा रस्सा खुशाल प्यावा, पण पारदर्शक रबरं लावली असतील तर ती दुसऱ्या दिवशी पिवळी होतात, म्हणून मी आपल्याकडच्या मुलांना करडी किंवा रंगीत रबरं निवडायला सांगते. रस, गूळ, काकवी खाल्ल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरायची. रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रॅकेटच्या वरून आणि खालून घासायचं. नाही घासलं तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे चट्टे उरतात, आणि ते जन्मभर राहू शकतात.

तिला दवाखान्यात नेताना एक्स-रे तुमच्या नाही, तिच्या हातात द्या. डॉक्टरांनाही सांगा, की आधी तिला समजावा. बारा वर्षांची मुलगी मैदानात कोण कुठं उभं आहे आणि चेंडू कुठून काढायचा हे वाचते. आपला दात कुठल्या दिशेनं चाललाय आणि कुणाच्या पायात येतोय, हे तिला एका नजरेत कळेल. तारा रोज घासणं, रबरं बदलणं, माउथगार्ड घालणं हे सगळं तिलाच करायचंय. तिला पटलं नसेल तर आठवडाभर थांबा, सहा महिने नको.

धाकट्यालाही नववं लागलं की दर वाढदिवसाला हिरडीवर बोट फिरवून बघा. घरात एकाचा सुळा वाट चुकलेला असला तर भावंडांचं बघायलाच हवं. दहा-अकराव्या वर्षी एका बाजूला उंचवटा लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर थांबू नका, एक एक्स-रे काढून घ्या.

पेनानं गोल केलेली ती फिल्म कपाटात नीट ठेवा, घडी घालू नका. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा, मागे तारीख लिहा. दुधाचा दात काढल्यानंतर सहा महिन्यांनी नवा एक्स-रे येईल तेव्हा दोन्ही खिडकीच्या काचेवर शेजारीशेजारी धरा आणि पटाशीच्या मुळाच्या मधोमध एक उभी रेष मनात ओढा. सुळ्याचं टोक त्या रेषेपासून गालाच्या बाजूला सरकलेलं आणि थोडं खाली उतरलेलं दिसलं, तर मला दोन ओळी लिहून नक्की कळवा.